सायलेन्सर कुणासाठी?

मराठीने मोटरसायकलचे बारसे केले ते तिच्या आवाजावरून. ‘फटफटी’ हा शब्द कुणा कोशकाराने बसून घडवलेला वाटत नाही. गावात पहिली गाडी आली, पोरे तिच्यामागे धावली आणि कानांवर जे पडले तेच तिचे नाव झाले असणार. कोपऱ्यावर फटफट ऐकू आली की डॉक्टर आले, फौजदार आले की ग्रामसेवक आले, हे माझ्या लहानपणी घरात बसून सांगता येत असे. पुढे १९८५ साली शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. फटफटीची ‘बाईक’ झाली, आवाज उतरला, ॲव्हरेज चढले आणि मध्यमवर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला.

आता चक्र उलटे फिरले आहे. दोन-तीन लाखांची गाडी घ्यायची, कारखान्यातल्या इंजिनिअरांनी डोके खर्ची घालून बसवलेला तिचा सायलेन्सर महिन्याभरात उतरवून माळ्यावर टाकायचा आणि आणखी पाच-दहा हजार मोजून बाजारातून आवाज विकत आणायचा, अशी रीत पडली आहे. या नळ्यांना मुलखांची नावेही मिळाली आहेत. कुणाला ‘पंजाबी’ हवा असतो, कुणाला ‘इंदौरी’. परदेशातून आणलेला संपूर्ण संच लाखाच्या घरात जातो. हौसेला मोल नसते हे मान्य. पण या हौसेचे मोल नेमके कोण चुकते करतो, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

हा प्रश्न शहरातल्यापेक्षा आंबेनळी घाटात जास्त स्पष्ट ऐकू येतो. पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडून पूर्वेकडे वळले की सावित्रीच्या खोऱ्यातून हा रस्ता चढू लागतो. चाळीसएक किलोमीटरांत तो प्रवाशाला जवळजवळ समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवर नेऊन सोडतो. वाटेत प्रतापगड, पायथ्याशी वाडा-कुंभरोशी. रायगड जिल्हा संपून सातारा कधी सुरू झाला हे वळणांच्या नादात कळतही नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार-रविवारी पुण्याकडून वाई-महाबळेश्वरमार्गे कोकणात उतरणारी आणि मुंबईकडून वर चढणारी मोटरसायकलवाली मंडळी इथे भेटतात. यातली बहुतेक मुले नीट असतात. शिरस्त्राण, हातमोजे, गुडघ्यांना पॅड, मागे बांधलेले सामान, सगळे शिस्तीत. चहाच्या टपरीवर अदबीने बोलतात. पण त्यांच्यातल्या काहींची गाडी दिसण्याआधी कितीतरी वेळ ऐकू येते, आणि दिसेनाशी झाल्यावरही ऐकू येतच राहते.

याचे कारण घाटाच्या रचनेत आहे. शहरातल्या सरळ रस्त्यावर गाडी तुमच्या खिडकीखालून एकदा जाते आणि संपते. घाटात तीच गाडी त्याच वाडीच्या डोक्यावरून वळसे घेत जाते. एका वळणावर आवाज दरीत कोसळतो, दुसऱ्यावर समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. शहराच्या गोंगाटात जो आवाज विरून जाईल, तो इथल्या शांततेत उघडा पडतो. दहा गाड्यांचा ताफा असेल तर एका वाडीला अर्धा तास दुसरे काही ऐकू येत नाही.

घोडे बुजू नयेत म्हणून

सायलेन्सर जन्माला आला त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रीव्हज बंधूंनी एक मोटारगाडी बनवली. तिच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत. तेव्हा मिल्टन रीव्हज यांनी इंजिनाच्या धुराड्याला आवाज दाबणारी पेटी बसवली आणि १८९७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम या गृहस्थाने बंदुकीसाठी सायलेन्सर बनवला. त्याचे पेटंट १९०९ चे. हा मॅक्सिम म्हणजे मशीनगन शोधणाऱ्या हायरम मॅक्सिमचा मुलगा. बापाने जगाला सर्वात कर्कश हत्यार दिले आणि मुलाने आवाज दाबण्याचा धंदा काढला! त्याच तत्त्वावरचे इंजिनांचे सायलेन्सरही मॅक्सिमच्या कंपनीने विकले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते घोड्यांचे बुजणे. मोटरसायकलचा जवळजवळ प्रत्येक भाग चालवणाऱ्याच्या कामाचा असतो. ब्रेक त्याच्यासाठी, सीट त्याच्यासाठी, हेडलाईट त्याच्यासाठी. मागचा लाल दिवा दुसऱ्याला दिसतो खरा, पण त्यानेही जीव आपलाच वाचतो. सायलेन्सर हा असा एक भाग आहे, जो मुख्यतः रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी बसवलेला आहे. माणूस चैनीसाठी पहिल्यांदा हाच भाग काढून टाकतो, हा योगायोग नसावा.

‘पॉवर वाढते’ म्हणजे काय?

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी त्याने लांब पल्ल्याची, चारशे सीसीच्या आसपासची मोटरसायकल घेतली आणि महाबळेश्वर-आंबेनळी-पोलादपूर-दापोली असा बेत आखला. त्याआधी त्याने मला चार सायलेन्सरांचा तुलनात्मक तक्ता पाठवला. किंमत, वजन, धातू, आवाज, सगळे रकाने पद्धतशीर. खाली लिहिले होते, “मामा, तुम्ही जन्मभर ताळेबंद वाचलेत. यातला कुठला घेऊ ते सांगा.” मी फोन केला आणि विचारले, “अरे, पण बदलायचा कशाला?” उत्तर आले, “पॉवर वाढते, मामा.”

ही समजूत अगदी निराधार नाही, म्हणूनच ती टिकून आहे. टू-स्ट्रोक इंजिनात नळीचा आकार म्हणजे अर्धे इंजिनच असते. सिलिंडरमधून निघालेली दाबाची लाट नळीच्या निमुळत्या भागावर आपटून उलट फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने हे शास्त्र इतके पक्के केले, की त्यांच्या छोट्या गाड्या जगातल्या बड्या कंपन्यांशी शर्यतीत झुंजू लागल्या. १९६१ मध्ये त्यांचाच स्वार एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळाला, जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या गाडीवर पन्नास सीसी गटाचा जगज्जेता झाला. शीतयुद्धातली एक चोरी धुराड्याच्या आकाराची होती, हे सांगितले तर हल्लीच्या मुलांना खरे वाटत नाही.

पण आजची गाडी फोर-स्ट्रोक आहे. तिच्यातही नळीची लांबी-रुंदी महत्त्वाची असते. मात्र ती हवा आत घेणाऱ्या भागाशी, इंधनाच्या मात्रेशी आणि इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवलेली असते. नुसती नळी मोकळी केली तर लाभ झालाच तर वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे शर्यतीच्या मैदानात होतो. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, डबलसीट, सामान लादून, कमी फेऱ्यांवर चढते. तिथे लागतो तो खालचा जोर, आणि मोकळ्या नळीने पुष्कळदा नेमका तोच जातो. कान मात्र फसतात. आवाज दुप्पट झाला की गाडी दुप्पट पळते असे वाटते. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर जे ‘फटाके’ फुटतात, त्यांचाही जोराशी संबंध नसतो. न जळालेले पेट्रोल तापलेल्या नळीत जळते, त्याचा तो आवाज. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती खात्यातली गळती आहे आणि आपण तिला नफा समजून पेढे वाटतो.

त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानके आली. नव्या गाड्यांच्या नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्राणवायू मोजणारा सेन्सरही असतो आणि त्याच्या सांगण्यावरून इंधनाची मात्रा ठरते. बेंड पाईपपासूनचा पूर्ण संच बदलला की यातले काहीतरी निखळते. मग मात्रा बिघडते, ती सुधारायला आणखी एक यंत्र घ्या, त्याचे आणखी दहा-पंधरा हजार. वर कंपनीची वॉरंटी धोक्यात, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला हुज्जत घालायला आयते निमित्त.

घ्यायचाच असेल तर

तरीही सायलेन्सर बदलण्यात काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. मूळ नळी गंजते, पडल्यावर चेपते, कधी फार जड असते. चांगला पर्यायी सायलेन्सर दोन-चार किलो वजन कमी करतो. लांबच्या प्रवासात ते जाणवते. अशा वेळी माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कन्व्हर्टरला हात न लावता फक्त शेवटचा डबा बदलणारा प्रकार निवडावा. त्यातही गाडीच्या कंपनीनेच मान्य करून विकलेला मिळाला तर उत्तम. दुसरी, धातू. कोकणातली दमट, खारी हवा बाहेरून खाते आणि इंजिनाच्या धुरातली वाफ नळीत थिजून आतून खाते. वरच्या चकचकीत मुलाम्याला भुलू नये, स्टेनलेस स्टील घ्यावे. तिसरी, नळीची जागा. बाजूला सामानाच्या पिशव्या लटकवणार असाल तर नळीची धग आणि पिशवी यांत हाताचा पंजा मावला पाहिजे. नाही तर महाबळेश्वरला पोचेपर्यंत पिशवीसकट आतले कपडे भाजून निघतात.

चौथी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. यातल्या पुष्कळ नळ्यांमध्ये आवाज शोषणारी काचेची लोकर भरलेली असते. काही हजार किलोमीटरांत ती जळते, भिजते, उडून जाते आणि घेताना सभ्य वाटलेली नळी वर्षभरात भसाडी होते. लोकर पुन्हा भरता येते का, हे आधी विचारावे. तोंडाशी असलेली जाळी स्क्रूने काढता येते आणि ‘काढून टाका, मजा येईल’ असा सल्ला मिस्त्री फुकट देतो. तो ऐकू नये.

आवाजाचे सौंदर्य मला कळत नाही असे कुणी समजू नये. बुलेटचा तो संथ, दमदार ठोका ऐकून आजही मान वळते. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने तर आपल्या इंजिनाच्या आवाजाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज १९९४ मध्ये केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये तो मागे घेतला गेला. पण आवाजाचा पोत वेगळा आणि पातळी वेगळी. भीमसेन जोशींचा खर्ज ऐकायला लाऊडस्पीकर फुटेपर्यंत वाढवावा लागत नाही.

कान उघडे ठेवणारा घाट

मोठ्या आवाजाच्या बाजूने एक युक्तिवाद हिरिरीने केला जातो. आवाज असला की समोरच्याला आपण येतोय हे कळते, जीव वाचतो. ऐकायला पटते. पण नळीचे तोंड मागे असते. सगळ्यात जास्त आवाज जातो तो ज्याला आपण ओलांडून आलो त्याच्याकडे. समोरून काचा बंद करून येणाऱ्या मोटारीतल्या माणसाला तो कळतो फार उशिरा. वळणावर इशारा द्यायचा तर हॉर्न आहे, आणि घाटात तो वाजवणे हे सभ्यपणाचेच लक्षण आहे.

उलट आंबेनळीसारख्या घाटात चालवणाऱ्याचे स्वतःचे कान मोकळे असणे फार गरजेचे आहे. आंधळ्या वळणापलीकडून एसटीचा हॉर्न येतो. पावसात दरडीवरून आधी बारीक खडे घरंगळतात, मग मोठे येतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला सहलीला निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली आणि तीस जण गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे, महाड तालुक्यात तळिये इथे डोंगर घरांवर आला. या घाटाचा रस्ताही दरडींनी बंद पडला. हा घाट चुकीला सहज माफी देणारा नाही, आणि इथे कानांत फक्त स्वतःचा सायलेन्सर घेऊन फिरणे शहाणपणाचे नाही.

आणि जे फिरायला आलेले नाहीत, राहतात, त्यांचे काय? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँकेचा शेतीकर्ज अधिकारी म्हणून मी महाड-पोलादपूरच्या वाड्या राजदूतवरून पालथ्या घातल्या. कर्ते पुरुष तेव्हाही मुंबईला असत, आजही असतात. घरी म्हातारी माणसे, बाया, शाळेतली पोरे. त्या काळचे एक खातेदार अजून आहेत; ऐंशी ओलांडली, दृष्टी मंदावली. मध्यंतरी भेट झाली तेव्हा गाड्यांचा विषय निघाला. ते तक्रार करत नव्हते. नुसते म्हणाले, “सायेब, पावसात आमी डोळ्यांनी निजतो, कानांनी नाय. २१ साली डोंगर सुटला तवापासून असंच हाय. रातच्याला लांब कायतरी घुमलं की उठून बसायचं. मग कळतं, गाडी हाय.”

हा आवाज कुठल्याही डेसिबल मोजणाऱ्या यंत्रात पकडता यायचा नाही. ज्याला आपण मजेचा आवाज म्हणतो, तो कुणाच्या तरी उशाशी दरडीचा आवाज असतो.

कायदा आणि रोडरोलर

कायदा आपल्याकडे आहे, आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने घडवलेली गाडी यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीसाठी निर्मितीच्या वेळची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती साडेसात मीटर अंतरावरून धावत्या गाडीची मोजतात. डेसिबलचा हिशेब साधा नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज वा धुराची मानके मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे.

प्रत्यक्षात काय घडते? राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरांची रस्त्यावर रांग लावतात आणि छायाचित्रकारांसमोर रोडरोलर फिरवतात. दृश्य झकास असते. पण ती नळी ज्या दुकानातून आली, ते दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते. आणि आंबेनळी घाटात कुणी रोडरोलर नेत नाही.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या डोंगरदऱ्यांची स्थिती आपल्यासारखीच होती. सुट्टीत मोटरसायकलींचे ताफे, खोऱ्यातली हैराण गावे. २०२० मध्ये तिथल्या सरकारने रॉयटे जिल्ह्यातल्या काही निवडक रस्त्यांवर, १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात, ज्या मोटरसायकलच्या कागदपत्रांत उभ्या स्थितीतला आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंदलेला आहे तिला बंदी केली. (हा ९५ चा आकडा नळीपासून अर्ध्या मीटरवर मोजलेला असतो; आपल्या ८० शी त्याची थेट तुलना करू नये.) हे शक्य झाले, कारण तिकडे तो आकडा गाडीच्या कागदांवर लिहिलेला असतो आणि बाजारातल्या पर्यायी सायलेन्सरलाही मान्यतेचा शिक्का लागतो. वाटेत थांबवणाऱ्या पोलिसाला कागद आणि शिक्का पाहिला की पुरते.

आपल्याकडे हे अशक्य नाही. पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत. तिथेच उभ्या गाडीचा आवाज मोजून तो आकडा दाखल्यावर छापता येईल. शिक्का नसलेली नळी दुकानातच अडवता येईल. आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पोलादपूर आणि महाबळेश्वर अशा दोन टोकांना दोन माणसे उभी राहिली तर मधला सगळा घाट वाचेल.

तोवर प्रश्न आपल्याच दारात आहे, विशेषतः ज्या घरांतून मुलाच्या गाडीचा हप्ता आई-वडील भरतात त्या घरांत. बँकेत आम्ही एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकलो: प्रत्येक जमेच्या समोर कुठेतरी नावे टाकलेली असते. मोटरसायकलस्वाराच्या खात्यावर जी मजा जमा होते, ती घाटातल्या वाडीच्या खात्यावर नावे पडते, आणि त्या खातेदाराची सही कुणी घेतलेली नसते. भाच्याला मी एवढेच सांगितले, की तुझ्या तक्त्यात सहावा रकाना वाढव, ‘ऐकणारा’. त्याने मूळचा सायलेन्सर ठेवला आणि ते पैसे चांगल्या टायरांवर घातले. पावसातल्या घाटासाठी तो खर्च केव्हाही जास्त उपयोगी.

ज्यांना तरीही नळी बदलायची आहे, त्यांच्यासाठी एक परीक्षा आहे. तिला यंत्र लागत नाही. पैसे देण्यापूर्वी ती नळी लावलेली एखादी गाडी मागून आणा आणि पहाटे पाच वाजता, शेजारीपाजारी झोपलेले असताना, आपल्याच आळीत सुरू करा. दोन मिनिटे चालू ठेवा. पहिली खिडकी उघडेपर्यंत तिथे उभे राहण्याची हिंमत झाली नाही, तर ती नळी आंबेनळीतही नेऊ नये.